औषधाने व्रत मोडत नाही

महाभारताच्या उद्योगपर्वात व्रत कशाकशाने मोडत नाही याची एक छोटी यादी आहे. पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध, अशा त्या आठ गोष्टी. पुढच्या धर्मनिबंधकारांनी ही यादी वारंवार आधाराला घेतली. म्हणजे औषध घेतल्याने उपवास मोडतो की नाही, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीच निकालात निघालेला आहे. तरीही आषाढी एकादशीच्या सकाळी मधुमेहाची गोळी ‘आज उपास आहे’ म्हणून डबीतच राहते. किंवा त्याहून वाईट म्हणजे गोळी घेतली जाते आणि खाणे मात्र दुपारपर्यंत लांबवले जाते. यावर डॉक्टर चिडतात, घरातली मंडळी ‘त्यांची श्रद्धा आहे’ म्हणून गप्प बसतात आणि वाद श्रद्धा विरुद्ध विज्ञान या ठरलेल्या वाटेने निघून जातो. हा वाद मुळातच चुकीचा मांडलेला आहे, असे मला वाटते. सवलत शास्त्राने दिलेली आहे; ती नाकारतो तो भक्त. तेव्हा विचारायचे ते हे, की जी सूट धर्म स्वतःच देतो ती घ्यायला माणसाला इतके जड का जाते, आणि ती न घेण्यात खरोखर काही पुण्य आहे का?

आधी शरीराचे पाहू, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. प्रौढ माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असते आणि निरोगी अवस्थेत त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते ती जेमतेम पाच ग्रॅम, चहाचा एक चमचाभर. एवढ्याशा साखरेवर मेंदूचे काम चालू असते, म्हणून शरीर ती फार काटेकोरपणे सांभाळते. जेवल्यावर इन्सुलिन वाढते आणि जादा साखर यकृतात व स्नायूंत साठते. पोट रिकामे राहिले की इन्सुलिन उतरते आणि यकृत तो साठा हळूहळू मोकळा करते. निरोगी माणूस दिवसभर उपाशी राहू शकतो तो या व्यवस्थेच्या जोरावर. मधुमेहात ती बिघडलेली असते आणि औषधाने बाहेरून सावरलेली असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. सकाळी आठला गोळी घेऊन बारापर्यंत काही खाल्ले नाही, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते: दरदरून घाम, हाताला कंप, छातीत धडधड, मग डोके चालेनासे होणे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल, तर कंप आणि धडधड दबून जाते आणि घाम तेवढा उरतो. देवळाच्या रांगेत तो उकाड्याचा म्हणून पुसलाही जातो. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांचा धोका निराळा. त्या लघवीवाटे साखर आणि तिच्याबरोबर पाणी बाहेर टाकतात. अशात निर्जळी केली तर शरीर कोरडे पडते, आणि मशीनवर आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्तात घातक कीटोन साचू शकतात. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला साखर घसरण्याची भीती बरीच कमी. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मात्र उपाशी असतानाही पायाभूत इन्सुलिन बंद करून चालत नाही. म्हणजे ‘मधुमेह्याने उपवास करावा का’ याला एकच उत्तर नाही. ते औषधाच्या नावावर, आजाराच्या प्रकारावर आणि मूत्रपिंडांच्या अवस्थेवर ठरते.

पण महाराष्ट्रात निर्जळी राहणारे थोडे. बहुसंख्यांचा उपवास हा उपवासाचे पदार्थ खाण्याचा असतो, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही डॉक्टरांनी काढलेली नाही. अर्धी वाटी साबुदाणा, म्हणजे सुमारे सत्तर ग्रॅम, भिजवून तुपात परतला की एका माणसाची खिचडी होते. त्यात साठ ग्रॅमच्या आसपास नुसता स्टार्च असतो, तीन मध्यम पोळ्यांत मिळून असावा तेवढा. पोळीत थोडी प्रथिने आणि कोंडा तरी असतो. साबुदाण्यात दोन्ही जवळपास नाहीत, म्हणून तो भराभर पचतो आणि साखर तितक्याच वेगाने चढते. खिचडीला सावरणारी गोष्ट एकच, ती म्हणजे दाण्याचे कूट. त्यातल्या स्निग्धांशाने आणि प्रथिनांनी पचन थोडे मंदावते. त्यात पुन्हा बटाट्याच्या फोडी पडतात, दुपारी रताळ्याचा गोड कीस होतो, संध्याकाळी वऱ्याचे तांदूळ. सकाळी घसरलेली साखर दुपारी दोनला उंच चढते, आणि एकाच दिवसात दोन्ही टोके गाठून होतात. गंमत अशी, की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांच्या काळात तो केरळात आला, आणि तमिळनाडूतल्या सेलमला त्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. बटाटा आणि भुईमूगही त्याच खंडातले. ज्या ऋषींच्या नावावर आपण हे पदार्थ खातो त्यांनी यांतला एकही पाहिलेला नव्हता. धान्य नाही, म्हणजे चालते, एवढ्या तर्कावर समाजाने ते सामावून घेतले. माझी त्याला हरकत नाही. पण सातासमुद्रापलीकडचा कंद एकादशीच्या ताटात बसवण्याइतकी लवचीक असलेली परंपरा आजाऱ्याच्या गोळीपुढे आणि ताकाच्या पेल्यापुढेच तेवढी ताठर होते, असे म्हणणे पटण्यासारखे नाही.

ती तशी नव्हतीच. पांडुरंग वामन काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात व्रतांचा जो प्रचंड पसारा मांडला आहे तो वाचताना सर्वांत ठळकपणे जाणवतात त्या व्रतांतल्या पळवाटा. खरे तर पळवाटा हा शब्द अन्यायाचा आहे, कारण त्या विचारपूर्वक ठेवलेल्या वाटा आहेत. एकादशीचे बंधन आठ वर्षांवरच्या आणि ऐंशीच्या आतल्या माणसाला. पूर्ण उपवास झेपत नसेल त्याच्यासाठी पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर रात्रीचे एक जेवण, मग हविष्यान्न, मग भात सोडून इतर काही, मग फळे, तीळ, दूध, पाणी, असे चढत चढत शेवटी केवळ वायूवर राहणे. वरची पायरी अधिक चांगली खरी, पण खालच्या पायरीवरचा माणूसही एकादशी करणाराच. हविष्यान्नात जव, तीळ आणि मूगही येतात, हे मधुमेह्याने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. पंढरपूरच्याच काशीनाथशास्त्री उपाध्ये ऊर्फ बाबा पाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधु’ लिहिला, तो अशाच निबंधांच्या परंपरेतला. हे लोक सनातनी होते, सुधारक नव्हते. त्यांना माहीत होते की नियम सर्वांसाठी करायचा तर त्यात म्हातारे, बाळंतीण, आजारी आणि अशक्त यांची सोय नियमातच हवी. नाहीतर तो मूठभर धडधाकटांचा खेळ होतो.

मग सूट असून ती घेतली का जात नाही? याचा उत्तम पुरावा आपल्याकडचा नसून रमजानचा आहे. कुराणाने आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून स्पष्टपणे मोकळे केले आहे. नंतर कधी दिवस भरून काढावेत किंवा गरिबाला अन्न द्यावे. आजाऱ्याच्या सुटीबद्दल इथे घोळ नाही. तरीही २००१ साली तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची ‘एपिडायर’ नावाची पाहणी झाली, तिच्यात दिसले की पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे सुमारे ४३ टक्के आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे सुमारे ७९ टक्के रुग्ण रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे धरतात. साखर धोकादायक घसरण्याचे प्रमाण त्या महिन्यात पहिल्या गटात जवळजवळ पावणेपाच पट, तर दुसऱ्यात साडेसात पट झाले. त्यानंतर तज्ज्ञ आणि धर्मपंडित एकत्र बसले. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, आणि आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला तर रोजा तिथेच सोडावा, असे मार्गदर्शन आता दिले जाते. अज्ञान हे कारण असते तर ग्रंथ दाखवून प्रश्न सुटला असता. कारण वेगळे आहे. उपवास माणूस एकट्याने करत नाही. सगळे घर, सगळी आळी, सगळी दिंडी ज्या दिवशी उपाशी असते त्या दिवशी आपण जेवणे म्हणजे पंगतीबाहेर बसणे. शिवाय आजार लपवायचाही असतो. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत घट्ट बसलेली असते: जितके सोसावे तितके पुण्य.

या समजुतीलाच माझा आक्षेप आहे, आणि तो बाहेरून आणलेला नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही म्हटले आहे, तसेच मुळीच न खाणाऱ्यालाही तो साधत नाही, हेही त्याच दमात सांगितले आहे. सतराव्या अध्यायात तर शास्त्राने न सांगितलेले घोर तप दंभाने आणि हट्टाने करून जे देहाला, आणि देहात राहणाऱ्या ईश्वरालाही, पीडा देतात त्यांची गणना आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे. यातला ‘शास्त्राने न सांगितलेले’ हा भाग महत्त्वाचा. शास्त्र ज्याला खालची पायरी दाखवते आहे त्याने हट्टाने वरच्या पायरीवर जाऊन कोसळणे, हे तप गीतेच्या हिशेबात सात्त्विक ठरत नाही. बुद्धाने हाडाची काडे होईपर्यंत उपास केले, ते सोडले, सुजातेची खीर घेतली आणि मग मध्यम मार्ग सांगितला. या दोन परंपरांचे अनेक बाबतींत जुळत नाही, पण देहदंड हे स्वतःच एक मूल्य आहे, ही गोष्ट दोघींनीही नाकारली आहे. व्रताचे सत्त्व वेदनेत नसून मर्जी बाजूला ठेवून नियम पाळण्यात आहे. तसे असेल, तर रोज ठरल्या वेळी जेवणारा, आवडीच्या तिसऱ्या पोळीला हात न लावणारा, जेवणानंतर पंधरा मिनिटे चालून येणारा आणि गोळी न चुकवणारा मधुमेही वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस जे करतो ते व्रतच आहे. एकादशीला त्याने तो नियम मोडून निर्जळी केली, तर एका व्रतासाठी दुसरे मोडले, एवढेच झाले.

यावर पहिला आक्षेप श्रद्धावानाचा येईल, आणि तो हलका नाही. तो म्हणेल, तुम्ही धर्माला आरोग्याच्या दावणीला बांधता. उपवास देवासाठी असतो. त्याने साखर वाढली की घटली हे पाहणे म्हणजे देवाशी व्यापार. यातला पूर्वार्ध मला मान्य आहे. एकादशीने पचनसंस्थेला विश्रांती मिळते, पूर्वजांनी विज्ञान ओळखूनच उपवास सांगितले, ही आजकालची वकिली मला उथळ वाटते; उपवासाला आरोग्याच्या प्रमाणपत्राची गरज नाही. पण मी व्रताचे मोल प्रकृतीच्या फायद्यावरून ठरवत नाही. व्रत कुणी, केव्हा, कोणत्या रूपात करावे, हे ठरवण्याचे व्रताचेच जे नियम आहेत त्यांच्यावर बोट ठेवतो आहे. देवासाठी उपवास करायचा तर देवाच्या नावाने सांगितलेली सूटही त्याच आज्ञेचा भाग मानावी लागेल. आज्ञेतले कठीण तेवढे घ्यायचे आणि सौम्य तेवढे गाळायचे, ही निवड देवाची नसते, निवडणाऱ्याची असते.

दुसरा आक्षेप आधुनिक माणसाचा, नेमका उलट बाजूने. मधुमेह अतिखाण्याचा रोग, मग उपवास हे त्याचे औषधच नाही का? याला बळ देणारा पुरावा खरा आहे. २०१७ साली ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीचे निष्कर्ष आले. मधुमेह होऊन सहा वर्षे उलटली नाहीत आणि इन्सुलिन चालू नाही अशा स्थूल रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींच्या आहारावर ठेवले. वर्षअखेर त्यांतले ४६ टक्के औषधाविना मधुमेहमुक्त पातळीवर होते, नेहमीच्या उपचारांवरच्या गटात हे प्रमाण ४ टक्के. पण हा प्रयोग कसा केला ते पाहावे. मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, आहार मोजून दिलेला होता, देखरेख सतत होती आणि वजन सरासरी दहा किलोने उतरले होते. पंधरवड्यातून एकदा गोळीसकट उपाशी राहून संध्याकाळी साबुदाणा वडे खाण्याशी त्याचे नावापुरतेच नाते आहे. डॉक्टरांशी बोलून, औषधाच्या वेळा आणि मात्रा बदलून कुणी खरोखर मिताहारी एकादशी केली, तर अनेकांना ती झेपेल, कुणाकुणाला फायदाही होईल. माझा विरोध उपवासाला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो माझ्याच मांडणीवर येतो. मधुमेहाच्या पथ्याला व्रत म्हटले की पथ्य चुकणे हे पाप ठरते, आणि ग्लुकोमीटरचा आकडा हा चारित्र्याचा दाखला होऊन बसतो. आधीच आपल्याकडे मधुमेह्याकडे ‘जिभेवर ताबा नाही’ अशा नजरेने पाहिले जाते. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी तर रोगांची पापांशी सांगड घालून ठेवलेलीच आहे. पुरावा या नजरेच्या विरुद्ध आहे. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार केले, एक जन्मजात आणि दुसरा अपथ्याचा. पहिल्याचा रोगी कृश आणि अल्पाहारी असतो, असे त्याने नोंदवले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांपुढे काडीसारखी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने टिकून. आईच्या पोटात झालेली ही जडणघडण पुढे मधुमेहाला अनुकूल ठरते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. इतक्या लोकांच्या रोगाचे खापर त्यांच्या जिभेवर फोडता येत नाही. आणि आकडाही पूर्णपणे माणसाच्या हातात नसतो. झोप नीट झाली नाही, दाताला पू झाला, दम्यासाठी स्टेरॉइड घेतले, तरी तो वाढतो. रात्री काहीच न खाता पहाटे यकृताने सोडलेल्या साखरेनेही वाढतो. म्हणून आक्षेप खरा असला, तरी तो व्रताच्या कल्पनेला लागू पडत नाही, व्रताची जी फळाशी गाठ आपण मारली आहे तिला पडतो. कर्मावर अधिकार, फळावर नाही, हे ज्या समाजात शाळकरी पोरालाही माहीत असते त्याने तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा हे पुण्याचे माप मानू नये. नियम पाळला की व्रत पूर्ण झाले. आकडा ही डॉक्टरला औषध बदलण्यासाठी लागणारी माहिती आहे. एखाद्या दिवशी नियम चुकलाच, तर व्रतांच्या शास्त्रात त्यालाही प्रायश्चित्त आहे आणि ते करून व्रत पुढे चालू ठेवता येते.

एक गोष्ट मात्र अशा युक्तिवादांनी सुटत नाही. महाराष्ट्रातल्या उपवासांचे ओझे सारखे वाटलेले नाही. वटपौर्णिमा, हरतालिका, नवरात्राचे नऊ दिवस, संकष्टीला चंद्रोदयापर्यंतचा उपास, यांतले बहुतेक उपवास बायका करतात, आणि त्यांतले काही स्वतःसाठी नसून नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतात. हरतालिका तर अनेक घरांत निर्जळी. इन्सुलिन घेणाऱ्या बाईला इथे ‘तुम्हाला सूट आहे’ हे सांगणे पुरत नाही. आपण पाणी प्यायलो आणि त्यांना काही झाले तर, ही भीती तिच्या मनात असते, आणि सासरच्या डोळ्यांत तोच प्रश्न न बोलता उभा असतो. निबंधकारांनी यावरही विचार केलेला आहे. ज्याला व्रत झेपत नाही त्याच्या वतीने प्रतिनिधीने ते करावे, अशी सोय आहे, आणि मुलगा, भाऊ, बहीण यांच्याबरोबर नवऱ्यासाठी बायको आणि बायकोसाठी नवरा हेही प्रतिनिधी म्हणून सांगितलेले आहेत. म्हणजे बायकोची साखर सांभाळायची असेल तर तिच्या हरतालिकेचा दिवस नवऱ्याने पाण्याविना काढावा, याला शास्त्राची काहीच हरकत नाही. ज्याच्या आयुष्यासाठी हे सगळे चालले आहे तो त्या दिवशी दुपारी काय जेवतो, हे मात्र धर्मशास्त्राने विचारलेले नाही. ते विचारायचे घरातल्यांनीच.